अक्षरांचा परवाना आणि तंत्रज्ञांचे उत्तर

आदिलाबाद जिल्ह्याच्या नारनूर मंडळात गुंजाला नावाचे एक गोंड खेडे आहे. तेलंगणाचा हा उत्तरेकडील सीमाभाग. बाजारात तेलुगूच्या जोडीला मराठीही सर्रास कानी पडते. ह्या खेड्यातील काही जुन्या हस्तलिखितांनी विद्वानांचे लक्ष वेधून घेतले, त्याला आता बराच काळ लोटला. गोंडी ही पिढ्यानुपिढ्या मुखाने चालत आलेली भाषा. तिला स्वतःची जुनी लिपी नाही, अशीच सर्वसाधारण समजूत होती. बालाघाटकडील मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ साली गोंडीसाठी एक लिपी तयार केली होती खरी. परंतु गुंजाल्याच्या पोथ्यांतील अक्षरे तिच्याहून अगदी निराळी निघाली. हैदराबाद विद्यापीठातील प्राध्यापक जयधीर तिरुमलराव आणि त्यांचे सहकारी यांनी ह्या पोथ्या उजेडात आणल्या, तेव्हा ती लिपी वाचू शकणारी माणसे गावात बोटांवर मोजण्याइतकीच उरली होती, आणि तीही वयोवृद्ध.

पुढील घटना झपाट्याने घडल्या. २०१४ च्या आरंभी ह्या लिपीच्या संगणकीय अक्षरसंचाचा पहिला नमुना लोकांपुढे आला. २०१८ च्या जूनमध्ये ‘युनिकोड’ ह्या जागतिक संकेतपद्धतीच्या अकराव्या आवृत्तीत गुंजाला गोंडीला स्थान मिळाले. तिच्या ६३ चिन्हांना प्रत्येकी एक कायमचा क्रमांक लाभला. त्यानंतर ‘नोटो’ ह्या प्रसिद्ध अक्षरमालिकेतही ‘नोटो सान्स गुंजाला गोंडी’ नावाचा संच दाखल झाला. मोजक्या वृद्धांच्या स्मरणात उरलेली लिपी जगातील कोणत्याही संगणकावर उमटू लागली.

आता अशी कल्पना करावी की, उटनूरच्या बाजूचा एक तरुण शिक्षक ह्या लिपीत मुलांसाठी बाराखडीचे एक लहानसे पुस्तक करावयास बसला आहे. त्याला अडचण येते. एखादी मात्रा अक्षराला नीट लागत नाही. छापताना जोडाक्षर तुटते. तो संगणकाच्या जाळ्यावरील तंत्रज्ञांच्या एखाद्या परस्परसाहाय्य मंडळाकडे प्रश्न पाठवितो. कोणी तरी परदेशातून, कोणी तरी पुण्याहून, दोन-चार तासांत त्याला उत्तर देते आणि मात्रा जागेवर बसते. उत्साहाने तो दुसऱ्या दिवशी आणखी काही विचारतो. ह्या अक्षरसंचाने छापलेले पुस्तक दहा रुपयांना विकले तर चालेल काय? आश्रमशाळेच्या सर्व संगणकांवर हा संच घालता येईल काय? गावचे म्हातारे म्हणतात की एका अक्षराचे वळण चुकले आहे; ते दुरुस्त करून इतरांना द्यावे काय? ह्या वेळी मात्र उत्तर येते ते असे की, हा तांत्रिक प्रश्न नव्हे, हा परवान्याचा म्हणजे कायद्याचा प्रश्न आहे. तो येथे विचारू नये, वकिलाला विचारावा.

शिक्षक हा काल्पनिक आहे. पण त्याला मिळालेले उत्तर काल्पनिक नाही. जगातील सर्वांत मोठ्या साहाय्य मंडळांपैकी एक असलेल्या ‘स्टॅक ओव्हरफ्लो’चा हाच नियम आहे. २००८ साली सुरू झालेल्या ह्या मंडळावर आज्ञावली कशी लिहावी हे विचारता येते; तिचा परवाना काय म्हणतो हे विचारले, तर तो प्रश्न विषयबाह्य ठरून बंद होतो. तेव्हा विचार करावयाचा तो असा: तंत्रज्ञांनी परवान्याच्या प्रश्नांना दार उघडावे की लावून घ्यावे?

ह्याचे उत्तर शोधण्यापूर्वी परवाना ही भानगड मुळात आली कोठून, हे समजून घेणे अवश्य आहे. कारण छपाईच्या जगात ती पूर्वी नव्हती.

ह्याच जिल्ह्यातील जुने उदाहरण घ्यावे. निजामी राजवटीत, १९४० नंतरच्या दशकात, मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या प्रेरणेने मारलवाई येथे गोंड मुलांच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला. ज्येष्ठ मराठी इतिहासकार म्हणून पुढे कीर्ती पावलेले सेतुमाधवराव पगडी त्या काळात हैदराबाद संस्थानचे अधिकारी या नात्याने ह्याच भागात काम करीत होते, आणि गोंडी भाषेचे व्याकरण लिहिण्याइतकी ती भाषा त्यांनी आत्मसात केली होती. त्या वेळी गोंडी वाचनमाला तयार झाल्या त्या देवनागरी लिपीत. त्या छापण्यासाठी काय लागले? हस्तलिखित, कागद, शाई आणि नागरीचे खिळे. खिळे कोणाचे, त्यांनी काय छापावे, छापलेले विकावे की फुकट वाटावे, हे कोणी कोणाला विचारले नाही. विचारण्याचे कारणच नव्हते.

शिशाच्या खिळ्यांचा व्यवहार सरळ होता. जावजी दादाजींच्या निर्णयसागराने एकोणिसाव्या शतकात देवनागरीचे जे देखणे खिळे पाडले, ते दूरदूरचे छापखानदार विकत घेऊन जात. खिळे वजनावर विकले जात. पैसे मोजले की माल छापखान्याचा. त्याने पोथी छापावी, पंचांग छापावे, लग्नपत्रिका छापावी. झिजले तर वितळवावे, नको झाले तर शेजाऱ्याला विकावे. एक गोष्ट मात्र त्याला सहजासहजी साधत नसे: एका पेटीच्या दोन पेट्या करणे. नवे खिळे पाडावयाचे तर साचे हवेत, भट्टी हवी, कारागीर हवा. वस्तूचे जडपण हेच तिच्या मालकाचे संरक्षण होते.

संगणकावरील अक्षरसंचाला हे जडपण नाही. तो एक धारिका असतो. क्षणार्धात तिच्या हजार प्रती निघतात आणि मूळ प्रत जशीच्या तशी राहते. म्हणून निर्माता ती विकत नाही, वापरण्याची परवानगी देतो, आणि त्या परवानगीला अटी जोडतो. ह्या अटींचा कागद म्हणजे परवाना. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाच्या आज्ञावलीची गणना वाङ्मयीन कृतीत केलेली आहे, आणि त्याच कायद्याच्या कलम ३० प्रमाणे असा परवाना लेखी असावा लागतो. कलम ६३-ब त्याहून कडक आहे. आज्ञावलीची बेकायदेशीर प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्यास किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंड त्यात सांगितला आहे. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल तर न्यायालयाला कैद माफ करता येते. तरीसुद्धा ‘सगळेच वापरतात’ ह्या एका वाक्यावर विसंबून तालुक्याच्या गावी दुकान थाटणाऱ्यांनी हे कलम एकदा नजरेखालून घालावे, हे बरे.

येथे तीन गोष्टींची गल्लत नेहमी होते. गुंजाला लिपी ही कोणाची खाजगी मालमत्ता नाही. मोडी जशी कोणा एकाची नाही, तशीच हीही नाही. युनिकोडमधील क्रमांक हा एक सर्वांसाठी ठरविलेला संकेत आहे. परंतु त्या क्रमांकाला पडद्यावर आकार देणारा अक्षरसंच ही कोणाच्या तरी श्रमाची निर्मिती असते. लिपी आपल्या पूर्वजांची आहे म्हणून अक्षरसंचही आपलाच, हा समज समजण्यासारखा आहे. पण कायद्यापुढे तो टिकणारा नाही.

दुसरी गल्लत ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ ह्या दोन शब्दांची. एखादी वस्तू मोफत मिळाली म्हणजे तिचे काहीही करता येते, असे नव्हे. लग्नाच्या पंगतीत जेवण मोफत असते. म्हणून कोणी पातेले उचलून घरी नेत नाही. काही अक्षरसंच घरगुती वापरास मोफत असतात आणि व्यवसायास नसतात. काही मोफत असूनही त्यांत फेरफार करण्यास मनाई असते. ह्याउलट मुक्त परवाना वापरण्याची, वाटण्याची आणि बदलण्याचीही मोकळीक देतो, मात्र काही अटींवर. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ साली ‘जीपीएल’ हा परवाना प्रसिद्ध केला, तेव्हापासून ही कल्पना जगभर रुजली. हैदराबादेत ‘स्वेच्छा’सारख्या संस्थेने तेलुगू भाषेत संगणक आणण्याचे जे काम केले, ते ह्याच मोकळिकीच्या पायावर.

मुक्त परवान्याच्या अटी म्हणजे नुसती शोभा, असेही कोणी समजू नये. अमेरिकेत रॉबर्ट जेकबसन नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने खेळण्यातील आगगाड्या चालविण्याची एक आज्ञावली छंद म्हणून लिहिली आणि मुक्त परवान्याने दिली. दुसऱ्या पक्षाने तिचे भाग मूळ कर्त्यांचा उल्लेख न करता आपल्या मालात घातले. पैशाची देवघेव नव्हती, तर मोडले काय, असा युक्तिवाद झाला. २००८ साली तेथील वरिष्ठ न्यायालयाने सांगितले की, फुकट दिलेल्या कृतीच्याही अटी ह्या अटीच असतात, आणि त्या मोडणे हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो. प्रकरण खेळण्यातील आगगाडीचे; निकाल मात्र साऱ्या मुक्त आज्ञावलींना आधार देणारा.

अक्षरसंचाच्या बाबतीत तर परवान्याची निवड किती नाजूक असते, ह्याचा मराठीजनांना जवळचा असा दाखला आहे. ‘लोहित’ नावाचे भारतीय लिप्यांचे अक्षरसंच पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक ह्या संस्थेने तयार केले आणि रेड हॅट ह्या अमेरिकन कंपनीने २००४ साली ते जीपीएल परवान्याखाली खुले केले. हेतू उत्तम होता. पण जीपीएल हा मुळात आज्ञावलींसाठी लिहिलेला परवाना. त्याचा एक मुद्दा असा की, जीपीएलखालील कृतीचा अंश ज्यात मिसळेल ती नवी कृतीही त्याच परवान्याखाली द्यावी लागते. आता एखाद्या पुस्तकाची संगणकीय प्रत करताना अक्षरांचे आकार तिच्या आत भरले जातात. मग ते सबंध पुस्तकच जीपीएलखाली आले काय? कवीच्या कविता, अक्षरसंचाच्या संगतीने, मुक्त झाल्या काय? ही शंका हास्यास्पद वाटेल. पण ती इतकी गंभीरपणे घेतली गेली की, जीपीएलच्या पुरस्कर्त्यांनीच अक्षरसंचांसाठी एक खास अपवाद सुचविला. पुढे २०११ साली लोहितचे संच ‘ओपन फाँट लायसन्स’ नावाच्या, खास अक्षरांसाठी रचलेल्या परवान्याखाली आणण्यात आले. हाच परवाना २०१५ पासून नोटो मालिकेलाही लागू आहे. म्हणजे गुंजाला गोंडीच्या नोटो संचालाही.

तेव्हा उटनूरच्या त्या शिक्षकाचे प्रश्न वस्तुतः कठीण नाहीत. हा परवाना दोन पानांचा आहे आणि साध्या भाषेत आहे. त्यात म्हटले आहे की, अक्षरसंच वापरून तयार केलेल्या लेखनाला परवान्याचे बंधन लागत नाही. म्हणजे पुस्तक छापावे आणि दहा रुपयांनाच काय, शंभर रुपयांनाही विकावे. संच कितीही संगणकांवर घालावा. तो इतरांना द्यावयाचा असेल तर सोबत परवान्याचा मजकूर आणि निर्मात्याची नोंद ठेवावी. केवळ अक्षरसंच तेवढा सुटा विकू नये. दुसऱ्या एखाद्या आज्ञावलीच्या संगतीने दिला तर हरकत नाही. अक्षराचे वळण बदलावे, जरूर बदलावे. परंतु बदललेला संच पुन्हा ह्याच परवान्याखाली द्यावा, आणि मूळ निर्मात्याने आपल्या संचाचे नाव राखून ठेवले असेल तर नव्या संचास ते नाव देऊ नये.

एवढे सांगावयास वकील कशाला हवा? आणि तालुक्याच्या न्यायालयातील वकील, ज्यांचे आयुष्य सातबारा, वाटणी आणि पोटगी ह्यांत गेले, ते हे कोणत्या आधारावर सांगणार?

तथापि दार लावून घेणाऱ्या तंत्रज्ञांची बाजूही पोकळ नाही, हे मान्य केले पाहिजे. त्यांचे सर्वांत बळकट म्हणणे असे आहे: आज्ञावलीविषयी चुकीचे उत्तर दिले तर ती तेथल्या तेथे चालत नाही, चूक लगेच उघडी पडते आणि दुसरा कोणी ती सुधारतो. परवान्याविषयी चुकीचे उत्तर दिले तर काहीच बिघडत नाही. पुस्तक छापले जाते, विकले जाते, दुसरी आवृत्ती निघते. आणि चार वर्षांनी टपालाने नोटीस येते. तोवर उत्तर देणारा विस्मृतीत गेलेला असतो. ज्या ज्ञानाची परीक्षा लगेच होत नाही, त्यात बढाईखोरांना रान मोकळे मिळते. वैदूच्या औषधाने आराम पडला की नाही हे निदान दोन दिवसांत कळते; येथे तेवढेही नाही.

शिवाय कायदा देशागणिक बदलतो. प्रश्न आदिलाबादचा, उत्तर बर्लिनचे, आणि अक्षरसंचाचा निर्माता कॅलिफोर्नियाचा, अशी स्थिती असते. भारतात तर आणखी एक कुंपण आहे. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याप्रमाणे वकिली करण्याचा अधिकार नोंदणीकृत अधिवक्त्यांनाच आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या मार्चमध्ये परदेशी वकिलांच्या प्रकरणात स्पष्ट केले की, वकिली म्हणजे केवळ न्यायालयात उभे राहणे नव्हे; कायदेशीर मत देणे हाही तिचाच भाग होय. तेव्हा सावध तंत्रज्ञाने पाय मागे घेतला तर त्याला भित्रा म्हणता येणार नाही.

आणखी एक कारण उघडपणे बोलले जात नाही, पण ते खरे आहे. परवान्याच्या नावाखाली येणाऱ्या प्रश्नांपैकी काही प्रश्न वस्तुतः कुलूप तोडण्याचे असतात. अमुक आज्ञावली पैसे न भरता कशी चालवावी, चाचणीची मुदत संपली तर घड्याळ मागे कसे न्यावे, असे ते प्रश्न. अशांना नकार देता देता तंत्रज्ञ इतके कंटाळतात की परवाना हा शब्द दिसताच त्यांचा हात दाराच्या कडीकडे जातो. प्रामाणिक विचारणाराही मग बाहेर राहतो.

हे सर्व लक्षात घेऊनही दार लावणे चूक आहे, असे म्हणावे लागते. आणि त्याचे कारण भूतदया नव्हे, तर अक्षरसंचाच्या पोटात दडलेले आहे.

आधुनिक अक्षरसंचाची धारिका उघडून पाहिली, तर तिच्यात अनेक कोष्टके आढळतात. एका कोष्टकात अक्षरांच्या बाह्यरेषा, दुसऱ्यात मात्रा कोठे बसवावी याची मोजमापे, तिसऱ्यात जोडाक्षरांचे नियम. त्यांतच नावांचे म्हणून एक कोष्टक असते. संचाचे कुलनाम, पूर्ण नाव, छपाईयंत्राला सांगावयाचे नाव, निर्मात्याची कॉपीराइटची नोंद, इतकेच नव्हे तर परवान्याचे वर्णन आणि तो कोठे वाचावा याचा पत्ता, ह्या साऱ्यांसाठी त्यात क्रमवार जागा ठरलेल्या आहेत. आणखी एका कोष्टकात एक लहानसा आकडा असतो. हा संच पुस्तकाच्या संगणकीय प्रतीत भरण्यास निर्मात्याची मुभा आहे की नाही, आणि असल्यास कितपत, हे तो आकडा सांगतो. म्हणजे परवान्याचा काही भाग कागदावर नसून यंत्राला वाचता येईल अशा रीतीने अक्षरांच्या शेजारीच कोरलेला असतो.

आता नाव बदलण्याची अट घ्यावी. वकील फार तर सांगेल की नाव बदला. शिक्षक धारिकेवर टिचकी मारून तिचे बाहेरचे नाव बदलील आणि अट पाळली असे समजेल. पण संगणकाच्या यादीत जुनेच नाव दिसत राहील, कारण खरे नाव आतल्या कोष्टकात आहे, आणि तेही एकाच ठिकाणी नाही. दोन निरनिराळे संच एकाच नावाने वावरू लागले की छापखान्यात भलताच घोटाळा होतो: शिक्षकाने दुरुस्त अक्षराने जुळविलेले पान छापखानदाराच्या संगणकावर जुन्या अक्षराने उमटते. म्हणजे नाव राखण्याची अट ही केवळ मालकाच्या अभिमानासाठी नाही. तिच्यामागे एक व्यावहारिक शहाणपण आहे. आणि ती अट पाळावयाची कशी, हे तंत्रज्ञावाचून दुसऱ्या कोणालाही सांगता येणार नाही. हा प्रश्न कायद्याचा म्हणून तंत्रज्ञाने परतविला आणि तांत्रिक म्हणून वकिलाने परतविला, तर तो जाणार कोठे?

मोठ्या मंडळांच्या नियमात एक विसंगतीही आहे, आणि ती थोडी गमतीची आहे. स्टॅक ओव्हरफ्लोवर जे कोणी उत्तर लिहितात, त्यांचे लेखन, त्यातील आज्ञावलीच्या ओळींसह, एका परवान्याखाली जगाला दिले जाते. तो ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ ह्या कुळातील परवाना असून कर्त्याचा उल्लेख करणे आणि पुढील कृतीही त्याच अटींवर देणे, ह्या त्याच्या प्रमुख अटी आहेत. मे २०१८ पासून लिहिलेल्या उत्तरांना त्याची चौथी आवृत्ती लागू आहे. त्याआधीच्या उत्तरांना आधीच्या आवृत्त्या. म्हणजे तेथून दहा ओळी उचलून आपल्या कामात घालणारा प्रत्येक विद्यार्थी परवान्याचा एक प्रश्नही सोबत घेऊन जातो. जे मंडळ प्रत्येक उत्तरागणिक असा प्रश्न निर्माण करते, त्याच्याच चावडीवर तो विचारावयाची सोय नाही. त्या मंडळाच्या चालकांनाही ह्याची जाणीव झालेली दिसते. २०१५ साली त्यांच्याच कुटुंबात मुक्त आज्ञावलींच्या प्रश्नांसाठी स्वतंत्र शाखा उघडण्यात आली, आणि तेथे परवान्याचे प्रश्न मोकळेपणाने घेतले जातात. हा उपाय चांगला आहे. पण उटनूरच्या शिक्षकाला दुसरे दार कोठे आहे हे कोणी सांगितले पाहिजे. नुसता ‘विषयबाह्य’ हा शिक्का मारून ते कळत नाही.

तेव्हा रेषा काढावयाची ती परवाना ह्या शब्दावर नव्हे. परवान्यात काय लिहिले आहे, हे वाचून सांगणे हे तंत्रज्ञाचे काम आहे. सुताराने लाकडाची जात सांगावी तसे ते आहे. त्यातील अट प्रत्यक्षात कशी पाळावी, नोंद कोठे ठेवावी, नाव कसे बदलावे, हे तर सर्वस्वी त्याचेच काम आहे. परंतु दोन पक्षांत वाद उभा राहिला, नोटीस आली, किंवा कोणी विचारले की न्यायालय माझ्या बाजूने निकाल देईल काय, की तेथे त्याने थांबावे. ह्या थांबण्याच्या जागेचे एक उदाहरण आपल्याच कायद्यात आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ मध्ये असे म्हटले आहे की, हक्क दुसऱ्याला देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची मानावी, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता समजावा. कलम ३०-अ हीच तरतूद, योग्य त्या फेरफारांसह, परवान्यांनाही लागू करते. आता परदेशात लिहिलेल्या आणि साऱ्या जगाला उद्देशून दिलेल्या मुक्त परवान्यावर ह्याचा परिणाम काय होतो? हा प्रश्न कायदेपंडितांनी खल करावा असाच आहे. तेथे एखाद्या उत्साही संगणकवाल्याने छातीठोक उत्तर देऊ नये. दिले तर विचारणाऱ्याने ते घेऊ नये.

विचारणाऱ्याच्या बाजूनेही थोडी शिस्त हवी. ‘हा फाँट वापरला तर चालेल का?’ ह्या प्रश्नाला उत्तरच नसते. संचाचे नेमके नाव व आवृत्ती कोणती, तो कोठून उतरवून घेतला, सोबत परवान्याची धारिका आली होती की नाही, आणि त्याचे नेमके काय करावयाचे आहे, म्हणजे छापावयाचे, वाटावयाचे, बदलावयाचे की विकावयाचे, एवढे सांगितले तर बहुतेक प्रश्न चार ओळींत सुटतात. कित्येकदा असे आढळते की संच एका मित्राकडून दुसऱ्याकडे असा हातोहात आलेला असतो आणि परवान्याची धारिका वाटेतच कोठे तरी गळून पडलेली असते. देवनागरीच्या जुन्या संचांची आपल्याकडील अवस्था बरीचशी अशीच आहे. अशा वेळी उत्तर एकच: मूळ ठिकाणाहून तो पुन्हा उतरवून घ्यावा. गुंजाला गोंडीसारख्या लिपीत तर हे अधिकच महत्त्वाचे, कारण तेथे अक्षरसंचच मोजके आहेत. त्यांतील एकाच्या परवान्याविषयी संशय उत्पन्न झाला तर प्रकाशक हात आखडता घेतो, आणि नागरीप्रमाणे दुसरे शंभर संच समोर उभे नसतात. मोजक्या पोथ्यांवर ज्या लिपीचे भवितव्य उभे आहे, तिला एक पुस्तक एक वर्ष लांबणे हीसुद्धा लहान गोष्ट नव्हे. जे वृद्ध ते पुस्तक तपासणार, त्यांच्या वयाचा हिशेब त्यात धरावा लागतो.

शिक्षकाचा एक प्रश्न उरतोच. त्या अक्षराचे वळण खरोखर चुकले आहे काय? परवाना दुरुस्तीची मुभा देतो. कोणते वळण खरे, ते सांगत नाही. तंत्रज्ञ बाह्यरेषा हलवून देईल, नव्या नावाने संच बांधून देईल, जुनी नोंद जागच्या जागी ठेवील. पण पोथीतील तो आकार लिहिणाऱ्याच्या हाताची लकब आहे की लिपीचे मूळ रूप, हे ठरविण्यासाठी त्याला संगणक मिटून नारनूरच्या रस्त्याला लागावे लागेल, आणि गुंजाल्यातील जी माणसे ती पोथी वाचत आली, त्यांच्यापुढे कागद आणि लेखणी ठेवून ते अक्षर पुन्हा एकदा लिहून दाखवा, असे म्हणावे लागेल.